फोटोतले आजोबा

“एकदम निवांत वाटेल मॅडम, माझा शब्द!” असं म्हणून नवऱ्यानं फोनवर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाला, “मागच्या पाहुण्यांनी रिव्ह्यूत लिहिलंय, म्हातारा रात्रभर खोकतो. शनिवार-रविवार नानांना ताईकडे वाईला पाठवू.”

नाना, माझे सासरे, दारातच उभे होते. त्यांनी खुंटीवरचं कांबळं काढलं आणि घडी घालायला लागले. पाचगणीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या या दोन खोल्यांचा दगड न् दगड त्यांनी रचलाय. माझं डोकंच फिरलं.

तेवढ्यात स्पीकरवरून बाई म्हणाल्या, “आणि जाहिरातीच्या फोटोतले आजोबा असतील ना? मुलांना पॉइंटवर तेच नेतात ना? त्यांच्यासाठीच तर तुमचं घर निवडलं!”

“असतील की!” नवरा बाईंना म्हणाला आणि पुन्हा फोनवर हात ठेवून मला म्हणाला, “सकाळच्या एसटीनं येतील, संध्याकाळी परत जातील.”

पंचाहत्तरीच्या माणसानं रोज घाट चढायचा-उतरायचा, कशासाठी, तर स्वतःच्याच घरात पाहुण्यांसमोर हसायला! मी फोन हिसकावून घेतला.

“मॅडम, फोटोतले आजोबा इथेच राहतात. दिवसा पॉइंटवर नेतात, रात्री खोकतात. चालणार असेल तर या.”

पलीकडून फोन कट झाला.

“झालं समाधान?” नवरा ओरडला. “आता शनिवारी काय करायचं?”

नानांच्या हातातलं कांबळं घेऊन मी परत खुंटीला अडकवलं आणि नवऱ्याला म्हणाले,

“तुम्ही जा ताईंकडे. इथे रात्री खोकला ऐकू येतो.”