गिरणीभोवतीच्या फेऱ्या

कंपनीच्या आरोग्य तपासणीचा कागद वाचून डॉक्टर म्हणाले, "अक्काताई, अजून मधुमेह झालेला नाही, पण दाराशी आलाय. आत्ता मनावर घेतलंत तर टळेल."

सूतगिरणीत काम करणाऱ्या अक्काताईला आईचा कापलेला पाय आठवला. दुसऱ्या दिवसापासून तिनं कँटीनचा गोड चहा सोडला आणि पाळी सुटली की गिरणीच्या आवाराला आठ फेऱ्या घालू लागली.

"शर्यतीत उतरणार काय गं?" म्हणून बायका हसायच्या. पंधरवड्यानं त्यांच्यातलीच मालन मागून आली. "माझाबी कागद तसाच आलाय," ती हळूच म्हणाली. मग एकेक करत चौदा जणी चालू लागल्या.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. अक्काताईसकट तेरा जणींची साखर जागेवर आली होती. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मालनचा आकडा मात्र होता तिथंच होता. ती गुपचूप फाटकाकडे निघाली.

अक्काताईनं तिला गाठलं. "तुझा उतरेपर्यंत आमाला सुट्टी न्हाई. चल, आज दहा घालू."

मालननं मागं पाहिलं. उरलेल्या बाराही जणी पदर खोचून उभ्या होत्या.