हातानं घासलेला पुर्जा

परतूरचे काकासाहेब एक जुनं, दुर्मिळ क्रोनोग्राफ घड्याळ घेऊन मस्तगडला तातेरावांच्या दुकानी आले. "राजानंद म्हणतो, असली हाय. विकत घ्यायच्या आधी तुम्ही बी एकदा बघा."

राजानंदाचं नाव ऐकताच तातेरावांच्या पोटात दुखलं. घड्याळाचं काम शिकवलं आपण, अन् गिऱ्हाइकांची रीघ मात्र त्याच्याकडं!

त्यांनी झाकण उघडून भिंग लावलं, अन् त्यांचा चेहरा खुलला. "बटणाखालचा हा पुर्जा बघा. कंपनीचा न्हाई, कुण्या अडाण्यानं हातानं घासून बसवलाय. बिलकुल घेऊ नका!"

काकासाहेब गोंधळले.

"पर राजानंद तर म्हणला, एवढा एक पुर्जा माझ्या उस्तादाच्या, तातेरावांच्या हातचा हाय, अन् त्याच्यामुळंच घड्याळ अजून चालू हाय."