वर्गातली अशील

मुलांना कोर्टातले अर्ज लिहायचा सराव हवा, म्हणून कायद्याच्या सरांनी स्वतःच्या बायकोलाच घटस्फोट मागणारी अशील म्हणून वर्गात आणून बसवलं. "तोंडाला येईल ते सांग," ते तिला म्हणाले.

"नवरा मारतो का?" एका मुलीनं विचारलं.

"छे! चारचौघांत माझी टिंगल करतो. घरी दिवस दिवस बोलत नाही."

"एरवी हिला दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, आज बघा!" सर हसले.

मुलांनी लिहिलेला अर्ज त्यांनी स्वतः तपासला. 'दुर्लक्ष' खोडून 'मानसिक छळ' केलं, बायकोला विचारून तारखाही घालायला लावल्या.

"आता या नवऱ्याला पळायला वाट नाही," ते खूश होऊन म्हणाले.

बायकोनं अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि त्या मुलीकडे पेन मागितलं.

"सही कुठं करायची?"