पहिला तास फुकट

मशीन पुन्हा पहिल्याच पडद्यावर आलं. ही तिसरी वेळ. लिनक्स ही संगणकप्रणाली बसवून दाखवायला उभे राहिलेले मास्तर घाम पुसत म्हणाले, "येतंय, येतंय." वीस खुर्च्यांमधून खसखस पिकली.

शेवटच्या रांगेतल्या बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा हा अकरावा क्लास होता. दवाखान्याच्या नोंदणी खिडकीवर त्यांची अठरा वर्षं गेली होती. आता तिथल्या सगळ्या संगणकांवर लिनक्स येणार होतं आणि साहेबांनी फर्मान काढलं होतं, की शनिवारपर्यंत कोर्स निवडून नाव घाला, नाहीतर सोमवारपासून तळघरात जुन्या फायली लावायला जा. साहेबांना स्वतःला माउस धड धरता येत नव्हता, पण फर्मान काढायला माउस लागत नाही. तळघर बाईंना मुळीच नको होतं. त्यांना माणसांची तोंडं बघायची सवय होती.

कोर्स निवडतात कसा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. चप्पलसुद्धा घालून बघितल्याशिवाय घेऊ नये, एवढं कळत होतं. आणि पहिला तास सगळीकडेच फुकट होता. मग काय, बाई सुटल्या. एका क्लासात पंखा डोक्यावर पडेलसा वाटला, दुसऱ्यातले मास्तर शिंकायचेसुद्धा इंग्रजीत. "ताई, लग्नाच्या वेळी इतकी स्थळं पाहिली असतीस तर," असं म्हणून धाकट्या बहिणीने भावोजींकडे पाहिलं आणि पुढचं गिळलं.

आज शनिवार उजाडला होता आणि बाईंना अजून एकही क्लास पसंत नव्हता.

मशीन चौथ्यांदा मूळपदावर आलं तेव्हा त्यांना राहवेना. "सर, पेन ड्राइव्ह काढा ना. तो आत आहे तोवर ते बिचारं पुन्हा पहिल्यापासूनच सुरू करणार."

मास्तरांनी तो काढला. मशीन मुकाट्याने सुरू झालं. "आता पुढे काय करायचं?" कोणीतरी विचारलं, ते मास्तरांना नाही, बाईंना. बाईंनी सांगितलं. मग त्याच्या पुढचंही सांगितलं. बोलता बोलता त्या फळ्यापाशी गेल्या आणि मास्तर त्यांच्या खुर्चीत येऊन बसले.

तास संपल्यावर क्लासचा मालक दारात आडवा आला. "आधी कुठे शिकवत होता?"

"कुठेच नाही. मी नुसते पहिले तास बघत फिरतेय. दुसऱ्या तासातलं मला ओ की ठो कळत नाही."

"दुसरा तास कोणीही घेईल हो. माणसं गळाला लागतात ती पहिल्या तासाला. सोमवारपासून तो तुम्ही घ्या."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. साहेबच होते.

"काय बाई, झाला का कोर्स निवडून? की काढू तळघराच्या किल्ल्या?"

"निवडला ना, साहेब," बाई हातावरचा खडू झटकत म्हणाल्या. "सोमवारी तुम्हीही या. पहिला तास फुकट आहे, आणि शिकवायला मीच आहे."