अजून मोठं करा

"अजून मोठं करा," स्टुडिओवाला बक्षीस समारंभाच्या व्यासपीठावरून म्हणाला. "संकोच करू नका. हा काही साधासुधा कॅमेरा नाही!"

ऑपरेटरने फोटो मोठा केला. छत्र्या दुरुस्त करणाऱ्या आजींचा चेहरा पडदाभर झाला. आधी दिसत होत्या त्या दुकानाच्या उंबऱ्यात बसलेल्या, हातात छत्रीची मोडकी काडी, नजर थेट समोर. आता कपाळावरच्या सुरकुत्या एकेक करून मोजाव्यात इतक्या स्वच्छ. सभागृहात टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या त्याच्या बायकोने मात्र टाळी वाजवली नाही.

कशी वाजवेल? फोटो तिने काढला होता.

कॅमेरा त्याचा, हे खरं. जुन्या कॅमेऱ्यात फोटो फुटतात, रंग मातकट येतात, ही रड दोन वर्षं चालली होती. मग नवा कॅमेरा आला, नवी लेन्स आली, ट्रायपॉड आला, आणि ट्रायपॉडपेक्षा ताठ अशी त्याची चाल आली. फोटो काढायची अक्कल तेवढी आली नाही. माहितीपुस्तिका प्लास्टिकमध्येच पडून राहिली. कॅमेरा कायमचा 'ऑटो'वर. फोटो पूर्वीइतकेच वाईट, फक्त आता ते जास्त बारकाव्यांसकट वाईट दिसायचे.

प्लास्टिक तिने फाडलं. पुस्तिका दोनदा वाचली. दुपारी स्टुडिओत गिऱ्हाईक नसायचं, तेव्हा ती खिडकीतल्या मांजरावर फोकस धरायला शिकली. आधी अख्खं मांजर, मग नुसता त्याचा डोळा. कोपरं अंगाला घट्ट धरायची, श्वास अर्धा सोडायचा आणि मग बटण दाबायचं. असे सहा महिने गेले. "काय गं, मांजराचं लग्न ठरलंय का?" नवऱ्याने विचारलं आणि आपल्याच विनोदावर आपणच खो खो हसला.

आजींच्या दुकानी ते गेले त्या सकाळी पहिले चाळीस फोटो त्यानेच काढले. चाळीसच्या चाळीस फुकट. "ऊन चढलंय, आता काही मिळायचं नाही," असं म्हणून त्याने कॅमेरा तिच्या गळ्यात अडकवला. ती आजींशी बोलत बसली. काडी मोडली की नवी कशी बसवतात, विचारत राहिली. सांगता सांगता आजींनी मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि तिने फोटो काढला. एकच.

स्पर्धेला तो पाठवायच्या वेळी ती एवढंच म्हणाली, "खाली माझं नाव घाल."

"कॅमेरा कोणाचा?" त्याने विचारलं.

झालं, विषय संपला! म्हणजे पातेलं ज्याचं, स्वयंपाकही त्याचाच. ती भांडली, दोन दिवस बोलली नाही. त्याने स्वतःचं नाव घालून फोटो पाठवून दिला. नियमाप्रमाणे मूळ फाइल पाठवायची होती, तीही पाठवली. पहिला क्रमांक आला. विजेत्याला पुढच्या वर्षी याच सभागृहाच्या दालनात स्वतःच्या पन्नास फोटोंचं प्रदर्शन भरवायला मिळणार होतं. तिच्याकडे दाखवण्यासारखे पन्नास फोटो होते. त्याच्याकडे कॅमेरा होता.

परीक्षकबाईंचं पत्र आलं, सपत्नीक यावे. मग त्यांचा फोन आला, बाई नक्की येताहेत ना? दोन दिवसांनी पुन्हा तोच फोन. हा फुगून टम्म. "बघ, माझ्यामुळे तुलाही मान मिळतोय," तो म्हणाला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी ती आली. आपला फोटो एकदा तरी भिंतीएवढा बघावा, एवढीच तिची इच्छा होती.

"डोळ्यावर जायचं का?" परीक्षकबाईंनी आता त्याला अगदी गोड आवाजात विचारलं.

"जा की! पापण्या मोजा!"

पापण्या आल्या. मग बुबुळ आलं. ते मोठं होत होत पडदाभर पसरलं आणि त्यात रस्ता दिसू लागला. ऊन, विजेचा खांब. अलीकडे गुडघे टेकून बसलेली एक बाई, खांद्यावर वेणी, डोळ्याला कॅमेरा. तिच्यामागे, रस्त्यापलीकडच्या बाकावर, एक माणूस उताणा पसरलेला. तोंड उघडं. कोण ते ओळखायला चष्मा लागत नव्हता.

मागच्या रांगेत कोणाला तरी हसू आवरेना, आणि ते सगळ्या सभागृहात पसरत गेलं.

"हा... हा लेन्सचा दोष असतो कधीकधी," स्टुडिओवाला पुटपुटला.

"लेन्स उत्तम आहे हो तुमची," परीक्षकबाई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचं प्रशस्तिपत्र उचललं आणि व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून थेट पहिल्या रांगेपाशी आल्या. "बाई, हे आम्ही परीक्षणाच्या दिवशीच पाहिलं होतं. फोटो कोणी काढला ते दिसत होतं, तिचं नाव तेवढं ठाऊक नव्हतं. म्हणून इथे जागा कोरी ठेवलीय." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सांगा."

तिने आपलं नाव सांगितलं.

"आणि मधलं नाव?"

तिने एकदा व्यासपीठाकडे पाहिलं.

"मधलं राहू दे," ती म्हणाली. "ते तेव्हा झोपलं होतं."