खुंटीवरची घोंगडी

"चार वर्सं झाली, खुनी सापडंना. सोडा की ती सिरीयल, केवळाकाकू!" सारं पेडगाव म्हणायलंय.

बघण्यासारखी हाय का न्हाई, ते मी ठरवीन.

सिरीयलीत तपास करणाऱ्या साहेबाच्या मागं खुंटीवर घोंगडी टांगलेली असती. तिच्यावरलं तिकोनी ठिगळ माझ्या हातचं हाय. तीच पांघरून आमचे मालक मेंढरं घेऊन येलदरीच्या धरणाकडं गेले, ते परत आलेच न्हाईत.

आज रविवारी सिरीयल लागली, तर खुंटी रिकामी.

"आत्याबाई, बंद करा आता," सून म्हणाली.

मी हललेच न्हाई. तेवढ्यात घरात ओल्या लोकरीचा वास सुटला. सून माझ्या पाठीमागं बघत भिंतीला चिकटली.

मी टीव्हीवरली नजर काढली न्हाई.

"बसा, मालक," मी म्हणले. "अजून संपली न्हाई."