रुग्ण-प्रतिनिधीचा सत्कार

खांद्यावर शाल पडली आणि दिपमालाची मान खाडकन उजवीकडे वळली. पाठोपाठ घशातून ‘हुक्’ असा आवाज निघाला.

“ताई, एक सेकंद मान सरळ,” फोटोग्राफर म्हणाला. चौथ्यांदा.

जळगावातल्या त्या सभागृहात आज असे झटके येणाऱ्यांच्या उपचारावर संशोधनाची बैठक होती. उपचार औषधाविना. झटका येणार असं वाटलं की हनुवटी खाली दाबायची आणि सावकाश श्वास घ्यायचा. वर्षभर हा उपचार केलेली दिपमाला धुळ्याहून आली होती. उपचाराचं यश कशावरून मोजायचं ते रुग्णांना विचारूनच ठरेल, असं तिला रुग्ण-प्रतिनिधी म्हणून बोलावणाऱ्या पत्रात लिहिलं होतं. तिने उत्तर पाठ करून आणलं होतं.

“तो उपाय करा ना, ताई,” अध्यक्ष डॉक्टर बोरसे म्हणाले. “फोटोपुरता.”

सगळे हसले. तिने हनुवटी दाबली. फोटो निघाला, टाळ्या पडल्या. आपल्याकडे एकदा सत्कार झाला की त्या माणसाचं काम संपतं.

“चला, ताईंना मोकळं करू. धुळ्याची बस गाठायची असेल.”

“पण सर, माझं म्हणणं राहिलं. मी शिवणकाम करते. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे हनुवटी दाबून धरली की संध्याकाळी सुईत दोरा ओवायचं त्राण राहत नाही. झटके कमी झाले ते तुम्ही मोजाल. हे कशात मोजणार?”

“छान मुद्दा! पुढच्या वेळी नक्की घेऊ.” डॉक्टरांनी चहाचा कप प्रश्नावल्यांच्या गठ्ठ्यावर टेकवला. गठ्ठा छापून, टाचून तयार होता.

दिपमालाने बाजूची एक प्रत उचलली. झटके किती, केव्हा, किती जोराचे. दहाही प्रश्न तेच. शेवटी तिच्या नावाने आभार होते.

“चूप बस माय,” मागून तिची आई, कुंदाबाई, बघणाऱ्या सगळ्यांकडे नजर टाकत कुजबुजली. “बठ्ठा देखी ऱ्हायनात. शाल चांगली शे.”

दिपमालाची मान वळली. या वेळी तिने हनुवटी दाबली नाही. शाल काढून तिने आपल्या खुर्चीच्या पाठीवर नीट पांघरली, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या.

“बैठकीला हिला बसवा, सर,” ती म्हणाली. “ही हलत नाही.”